रेषेच्या मते पाणी तासाभरात गोठले

स्प्रिंगला एकेक वजन लटकवत आणि शेजारच्या पट्टीवर तिची लांबी वाचत माझ्या भाचीने सहा नोंदी घेतल्या होत्या. ५० ग्रॅमला १२.१ सेंटिमीटर, १०० ला १४.०, १५० ला १६.२, २०० ला १७.९, २५० ला २०.१ आणि ३०० ला २१.९. या सहा बिंदूंना सर्वांत चांगली जुळणारी रेषा, म्हणजे जिला सगळे बेस्ट फिट लाइन म्हणतात ती, तिला ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर काढायची होती. तिने ती काढलीही, पण पडद्यावर आलेल्या उत्तरात रेषेचा चढ उणे होता. वजन वाढवावे तशी स्प्रिंग आखडत जाते, असे यंत्राचे म्हणणे होते.

"मावशी, हे बिघडलंय," असे म्हणून तिने ते माझ्या हातात दिले.

यंत्र अर्थातच बिघडलेले नव्हते. मी याद्या उघडल्या, तेव्हा दुसऱ्या यादीतली शेवटची नोंद २१.९ ऐवजी २.१९ अशी दिसली. दशांशचिन्ह एक घर सरकले होते, आणि तेवढ्याने जे झाले ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. योग्य नोंदी भरल्या तर चढ ०.०३९४ येतो, आंतरछेद, म्हणजे वजन शून्य असताना रेषा सांगते ती लांबी, १०.१३ येतो आणि सहसंबंध गुणांक, म्हणजे बिंदू सरळ रेषेला किती धरून आहेत हे सांगणारी उणे एक ते अधिक एक यांमधली संख्या, ०.९९९६ येतो. त्या एका चुकीच्या नोंदीने चढ उणे ०.०१६९ झाला, आंतरछेद १६.७० वर गेला आणि गुणांक उणे ०.२५ पर्यंत घसरला. पाच बिंदू एका सुरात वर जात असताना एकट्या सहाव्याने अख्खी रेषा खाली वाकवली होती.

असे का होते, हे समजून घेतले की या रेषेचा स्वभाव कळतो. रेषा आणि बिंदू यांच्यातले उभे अंतर घ्यायचे, म्हणजे प्रत्यक्ष नोंदीतून रेषेने सांगितलेली किंमत वजा करायची, आणि या प्रत्येक फरकाचा वर्ग करून सगळ्या वर्गांची बेरीज करायची. जिच्यासाठी ही बेरीज सर्वांत लहान येते ती रेषा यंत्र निवडते, म्हणून तिला न्यूनतम वर्गांची रेषा म्हणतात. या फरकाला अवशेष म्हणतात. अवशेषांची नुसती बेरीज का घेत नाहीत, असा प्रश्न तिने विचारला आणि तो रास्त होता. वजनांची सरासरी १७५ ग्रॅम आहे आणि लांबींची सरासरी १७.०३ सेंटिमीटर, या सरासरी बिंदूतून जाणारी कोणतीही रेषा काढा, अगदी आडवी काढली तरी, अधिक आणि उणे अवशेष एकमेकांना खाऊन टाकतात आणि बेरीज शून्यच येते. त्यामुळे नुसती बेरीज चांगली रेषा आणि वाईट रेषा यांच्यात भेदच करू शकत नाही. वर्ग केला की चिन्ह जाते, पण त्याबरोबर मोठ्या चुकीचे वजन फार वाढते. एक सेंटिमीटरचा फरक एक मोजला जातो, तर दहा सेंटिमीटरचा फरक शंभर. त्या २.१९ च्या बिंदूला एकटे सोडणे रेषेला परवडण्यासारखे नव्हते, म्हणून ती इतर पाचांना दुखवून त्याच्याकडे झुकली.

तिने हाताने पट्टी लावून काढलेली रेषाही वहीत होती. पहिला आणि शेवटचा बिंदू जोडून तिने चढ ०.०३९२ आणि आंतरछेद १०.१४ काढला होता. त्या रेषेच्या अवशेषांच्या वर्गांची बेरीज ०.०६८ येते आणि यंत्राच्या रेषेची ०.०५९. फरक इतका थोडा असताना एवढा खटाटोप कशाला, हा तिचा पुढचा प्रश्न. याचे माझे उत्तर असे की हाताने काढलेली रेषा दहा जणांची दहा प्रकारची येते आणि त्यातली कोणती बरोबर यावर वाद घालता येतो. न्यूनतम वर्गांची रेषा मात्र त्याच नोंदींवरून कोणीही काढली तरी एकच येते. ती खरी असतेच असे नाही, पण ती कोणत्या अर्थाने सर्वोत्तम आहे हे एका वाक्यात सांगता येते.

आता कृती. माझ्याकडचे यंत्र टीआय-८४ प्लस आहे आणि पुढचे सगळे त्याच्यासाठी आहे. कॅसिओच्या ग्राफिंग यंत्रांवर स्टॅट विभागात याद्या भरून कॅल्क, रेग आणि एक्स या क्रमाने गेले की तेच काम होते, फक्त बटणांची नावे आणि जागा वेगळ्या असतात.

स्टॅट दाबून एडिट उघडले की एल१, एल२ अशा याद्यांचे रकाने दिसतात. जुन्या नोंदी पुसायच्या असतील तर बाणाने यादीच्या नावावर जाऊन क्लिअर आणि मग एंटर दाबावे. इथे नवख्या माणसाचा हात हमखास डिलीटवर जातो आणि अख्खी यादीच पडद्यावरून नाहीशी होते. घाबरण्याचे कारण नसते. स्टॅटमधल्या पाचव्या पर्यायाने, म्हणजे सेटअप-एडिटरने, सहाही याद्या जागेवर येतात. एल१ मध्ये वजने भरावीत, एल२ मध्ये लांबी. दोन्ही याद्यांतल्या नोंदींची संख्या सारखी नसेल तर यंत्र 'डिम मिसमॅच' अशी तक्रार करते, आणि या तक्रारीचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की एखादी नोंद भरायची राहिली आहे किंवा दोनदा भरली गेली आहे. उणे संख्या भरायची असेल तर वजाबाकीचे बटण चालत नाही, कंसातल्या उणे चिन्हाचे वेगळे बटण वापरावे लागते. या एका गोष्टीवर मी स्वतः पहिल्या दिवशी अर्धा तास घालवला होता.

यानंतर लगेच रेषेकडे जाण्याचा मोह होतो आणि माझ्या भाचीने तेच केले होते. त्याआधी बिंदू पाहायला हवेत. सेकंड आणि मग वाय-बरोबर हे बटण दाबले की स्टॅट प्लॉट उघडतो. पहिला प्लॉट चालू करायचा, विखुरलेल्या ठिपक्यांचे चित्र निवडायचे, एक्सची यादी एल१ आणि वायची यादी एल२ ठेवायची. मग झूममधला नववा पर्याय, झूमस्टॅट, घेतला की यंत्र नोंदींना साजेशी चौकट स्वतः ठरवते. पडद्यावर आधीचे एखादे समीकरण अजून रेंगाळत असेल तर त्याची वक्ररेषाही मधूनच उगवते, म्हणून वाय-बरोबरच्या पडद्यावर एकदा नजर टाकावी. तिने हे चित्र पाहिले असते तर पाच ठिपके चढत्या रांगेत आणि सहावा खाली कोपऱ्यात पडलेला तिला क्षणात दिसला असता, आणि यंत्रावर बिघाडाचा आळ आला नसता.

रेषेसाठी स्टॅट, मग उजवीकडे कॅल्क, आणि त्यातला चौथा पर्याय लिनरेग, म्हणजे लिनियर रिग्रेशन, सरळ रेषेची जुळणी. याच यादीत आठव्या क्रमांकावर आणखी एक लिनरेग आहे आणि दोघांची उत्तरे एकच असतात, फक्त अक्षरांची अदलाबदल असते. चौथ्यात ए म्हणजे चढ आणि बी म्हणजे आंतरछेद. आठव्यात ए म्हणजे आंतरछेद आणि बी म्हणजे चढ. बीजगणित शिकवणारे पहिली मांडणी वापरतात, संख्याशास्त्र शिकवणारे दुसरी, आणि यंत्र बनवणाऱ्यांनी दोघांनाही खूश ठेवले आहे. वहीत उतरवताना मात्र वरच्या ओळीत समीकरणाचे रूप कोणते छापले आहे ते पाहिल्याशिवाय ए आणि बी लिहू नयेत.

पर्याय निवडल्यावर नव्या आवृत्त्यांत एक छोटा अर्ज येतो. एक्सची यादी, वायची यादी, वारंवारतेची यादी (ही रिकामी सोडावी) आणि शेवटी समीकरण कुठे साठवायचे ते. या शेवटच्या ओळीत अल्फा आणि ट्रेस दाबून वाय१ निवडण्याचा आळस करू नये. त्याने समीकरण सगळ्या दशांश स्थळांसह साठते आणि रेषा ठिपक्यांवर आपोआप काढली जाते. हाताने उतरवताना कोणी चढ ०.०३९४ चा ०.०४ करून टाकतो आणि ३०० ग्रॅमला लांबी २१.९६ ऐवजी २२.१३ येते, पट्टीवर मिलिमीटर वाचण्याचा सगळा काटेकोरपणा एका गोलाईत वाया जातो. एक बारीक गोष्ट इथेच सांगते. आम्ही २.१९ चे २१.९ केले आणि पुन्हा आलेख पाहिला, तर सहावा ठिपका वर गेला होता पण रेषा अजून खालीच झुकलेली होती. यादी बदलली म्हणून वाय१ मधले समीकरण बदलत नाही. लिनरेग पुन्हा चालवावे लागते.

चढ आणि आंतरछेद दिसतात पण सहसंबंध गुणांक दिसत नाही, ही तक्रार अनेकांची असते. तो मुळात दडवलेला असतो. सेकंड आणि शून्य दाबून कॅटलॉग उघडायचा, त्यात डायग्नोस्टिक-ऑन शोधून दोनदा एंटर दाबायचे; नव्या आवृत्त्यांत हीच सोय मोडच्या पडद्यावरही मिळते. यंत्राची स्मृती पुसली की ते पुन्हा बंद होते.

स्प्रिंगच्या उत्तराचा अर्थ लावताना मला सर्वांत जास्त मजा आंतरछेदात वाटली. चढ सरळ आहे, प्रत्येक ग्रॅममागे स्प्रिंग सुमारे ०.०३९ सेंटिमीटर, म्हणजे साधारण २५ ग्रॅममागे एक सेंटिमीटर लांबते. आंतरछेद १०.१३ म्हणजे वजन शून्य असताना रेषेच्या मते लांबी १०.१३ सेंटिमीटर असायला हवी. पण मोकळी स्प्रिंग मोजली तर ती १०.४ भरली. पाऊण मिलिमीटरचा फरक असता तर मी पट्टीवर ढकलून दिला असता, पण हा फरक पावणेतीन मिलिमीटरचा आहे आणि सहा बिंदूंपैकी एकाचाही अवशेष दीड मिलिमीटरच्या फार पलीकडे जात नाही. कारण स्प्रिंगकडे निरखून पाहिल्यावर सापडले. मोकळी असताना तिचे वेढे एकमेकांना चिकटून बसलेले असतात, बनवतानाच त्यांच्यात थोडा ताण भरलेला असतो, आणि तो ताण मोडेपर्यंत ती हलतच नाही. रेषा १०.४ ला सुमारे ७ ग्रॅमवर पोचते, म्हणजे पहिले सातेक ग्रॅम वेढे सुटण्यातच खर्ची पडतात. नोंदी ५० ग्रॅमपासून सुरू झाल्या होत्या, आणि त्याच्या आधी काय घडते हे रेषेला कोणी सांगितलेच नव्हते.

स्प्रिंगचे काम संपल्यावर तिने दुसरी वही काढली. त्यात गरम पाण्याच्या भांड्यात तापमापी ठेवून दर पाच मिनिटांनी घेतलेल्या नोंदी होत्या. सुरुवातीला ८४ अंश सेल्सिअस, मग ७३, ६४, ५७, ५१, ४६ आणि तिसाव्या मिनिटाला ४२. आता तिला सगळी बटणे पाठ झाली होती. तिने आधी ठिपके पाहिले, लिनरेग चालवले, वाय१ मध्ये साठवले आणि उत्तर वाचून दाखवले: चढ उणे १.३७९, आंतरछेद ८०.२५, गुणांक उणे ०.९८५५, त्याचा वर्ग ०.९७१.

"सत्त्याण्णव टक्के, मावशी. म्हणजे मस्त जुळलंय."

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे, आणि एके काळी स्वतः इतक्यांदा म्हटले आहे, की या पोस्टचे खरे कारण तेच आहे. गुणांकाचा वर्ग ०.९७ म्हणजे तापमानातल्या एकूण चढउताराचा ९७ टक्के भाग ही रेषा आपल्या हिशेबात घेते. ते खरे आहे. पण संबंध सरळ रेषेचा आहे की नाही, याचे उत्तर त्या संख्येत नाही. मी तिला म्हटले, साठाव्या मिनिटाला पाणी किती अंशांवर असेल ते याच रेषेला विचार. तिने गणित केले आणि उत्तर आले उणे २.५ अंश. उघड्या खोलीत ठेवलेले गरम पाणी तासाभरात गोठून बर्फ झाले होते.

साठ मिनिटे हे नोंदींच्या बाहेरचे आहे, त्यामुळे हा डाव रेषेवर थोडा अन्याय करणारा आहे, हे मला मान्य आहे. म्हणून आम्ही नोंदींच्या आतच पाहिले. प्रत्येक वेळी रेषा चालवली की यंत्र सगळे अवशेष रेसिड नावाच्या यादीत आपोआप ठेवते. स्टॅट प्लॉटमध्ये वायच्या यादीच्या जागी एल२ काढून सेकंड आणि स्टॅट दाबून रेसिड घालायचे, वाय१ बंद करायचे आणि पुन्हा झूमस्टॅट. पडद्यावर आता मूळ ठिपके नसतात, रेषेने प्रत्येक ठिकाणी किती चूक केली त्या चुका असतात.

पाण्याचे अवशेष असे होते: अधिक ३.७५, उणे ०.३६, उणे २.४६, उणे २.५७, उणे १.६८, अधिक ०.२१, अधिक ३.११. सुरुवातीला वर, मध्ये सलग चार वेळा खाली, शेवटी पुन्हा वर. पडद्यावर सरळ सरळ एक वाटी दिसत होती. याउलट स्प्रिंगचे अवशेष तिने पुन्हा काढून पाहिले तर उणे ०.००५, उणे ०.०८, अधिक ०.१५, उणे ०.१२, अधिक ०.११, उणे ०.०६ असे कोणतीही शिस्त नसलेले होते. पट्टीवर वाचताना डोळा एकदा इकडे, एकदा तिकडे चुकतो, त्या चुकीला आकार नसतो. आकार दिसला तर तो बहुधा डोळ्याचा नसून पदार्थाचा असतो. रेषेला न समजलेले काहीतरी त्यात शिल्लक राहिलेले असते. माझ्या मते या यंत्रावर पाहण्यासारखा पडदा कोणता असेल तर तो हाच, आणि बहुतेक जण गुणांक वाचून त्याच्या आधीच यंत्र बंद करतात.

संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये हीच गोष्ट चार छोट्या संचांतून दाखवली होती. प्रत्येक संचात अकरा बिंदू, चारही संचांची रेषा एकच, चढ ०.५ आणि आंतरछेद ३, चारही संचांचा सहसंबंध गुणांक जवळपास ०.८१६. आलेख काढला की एकात बिंदू खरोखर रेषेभोवती विखुरलेले, दुसऱ्यात सुबक कमान, तिसऱ्यात एक सोडून सगळे सरळ रांगेत, आणि चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत व एक दूर. हे चार संच यंत्रात एकदा भरून पाहण्यात पंधरा मिनिटे जातात आणि ती फुकट जात नाहीत.

रेषा काढण्याची ही पद्धत आकाशातून आली आहे, म्हणजे शब्दशः. फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनी ती १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षा काढण्याच्या संदर्भात छापली. जर्मन गणितज्ञ गाऊस यांनी १८०९ मध्ये लिहिले की आपण ती १७९५ पासून वापरत आहोत, आणि लजांद्र त्यावर चांगलेच चिडले. 'रिग्रेशन' हा शब्द मात्र बराच नंतरचा, इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांचा. १८८६ मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना त्यांना दिसले की फार उंच आईवडिलांची मुले उंच असली तरी सरासरीकडे थोडी परतलेली असतात. त्या परतण्यावरून शब्द पडला आणि पुढे परतण्याशी काही संबंध नसलेल्या स्प्रिंगांना आणि पाण्यालाही तो चिकटला. यंत्रावरचे 'रेग' हे त्याचेच शेपूट.

आणखी एक अडचण अशी की एक्स आणि वाय यांची अदलाबदल केली तर रेषा बदलते, हे बऱ्याच जणांना पटत नाही. यंत्र फक्त उभी अंतरे मोजते, म्हणून वजनावरून लांबी सांगणारी रेषा आणि लांबीवरून वजन सांगणारी रेषा या दोन वेगळ्या असतात. स्प्रिंगसारख्या घट्ट नोंदींत हा फरक जाणवत नाही. पाण्याच्या नोंदींत तो दिसतो: सरळ काढलेला चढ उणे १.३७९ आहे, आणि याद्या उलट्या भरून आलेला चढ पुन्हा उलटवला तर उणे १.४१९ येतो. आपण काय ठरवून बदलतो आणि काय मोजतो, हे पाहून जे मोजतो ते वायमध्ये ठेवावे.

पुन्हा पाण्याकडे. गरम वस्तू किती वेगाने निवते ते तिचे तापमान भोवतालापेक्षा किती जास्त आहे यावर ठरते, ही कल्पना न्यूटन यांनी १७०१ मध्ये मांडली. भोवतालशी असलेला फरक निम्मा झाला की निवण्याचा वेगही निम्मा होतो, आणि म्हणूनच आलेख आधी उभा उतरतो आणि मग सपाट होत जातो. खोलीचे तापमान तिने नोंदवलेले होते, २६ अंश. एल३ च्या नावावर जाऊन एल२ उणे २६ असे भरले की नवी यादी तयार झाली: ५८, ४७, ३८, ३१, २५, २०, १६. यातल्या प्रत्येक संख्येला आधीच्या संख्येने भागले की दर वेळी ०.८ च्या आसपास येते, हे तिने मी सांगण्याआधी पाहिले. कॅल्कच्या यादीत शून्य क्रमांकावर एक्सपरेग आहे, म्हणजे दर वेळी ठरावीक पटीने बदलणाऱ्या नोंदींना वक्ररेषा जुळवणारा पर्याय. ते एल१ आणि एल३ वर चालवले तर सुरुवातीचा फरक ५८.३३ आणि दर मिनिटाचा गुणक ०.९५८१ असे उत्तर आले. हे यंत्र आतून तीच न्यूनतम वर्गांची सरळ रेषा काढते, फक्त वायच्या लॉगरिथमवर. त्यामुळे नवीन काही शिकावे लागत नाही.

मूळ तापमानाशी ताडून पाहिले तर कोणत्याही नोंदीत चूक अर्ध्या अंशापर्यंतही गेली नाही; सर्वांत मोठी ०.३३ होती. पण भाचीने आता चिन्हे पाहण्याची सवय लावून घेतली होती.

"मावशी, यातही आकार आहे. तीन उणे, दोन अधिक, परत दोन उणे."

ती बरोबर होती. वाटीऐवजी या वेळी एक अगदी उथळ कमान होती. तेव्हा आम्ही तापमापी हातात घेऊन पाहिली. तिच्यावर एक एक अंशाच्या खुणा होत्या आणि सगळ्या नोंदी पूर्ण अंशांत घेतल्या होत्या, म्हणजे प्रत्येक नोंदीत अर्ध्या अंशाची अनिश्चितता आधीच बसलेली होती. ०.३३ ची कमान त्या खुणांच्या आत मावते; ती पाण्याची आहे की वाचणाऱ्याची, हे या तापमापीवरून सांगता येत नाही. शिवाय २६ हा आकडाही त्याच तापमापीवर वाचलेला, तो साडेपंचवीस असला तरी कमानीचा आकार बदलतो. मी हे सगळे सांगत असताना तिचे लक्ष मात्र साठाव्या मिनिटावर होते. नव्या समीकरणाप्रमाणे तेव्हाचा फरक ४.५ अंश, म्हणजे पाणी ३०.५ अंशांवर असायला हवे होते.

तिने पाणी पुन्हा तापवले, ८४ अंशांवर आल्यावर घड्याळ लावले आणि तासभर भांड्याजवळ कोणाला फिरकू दिले नाही. साठाव्या मिनिटाला तापमापीवर ३१ होते. खोलीचे तापमान पाहिले का, असे मी विचारले, तर ते तिने आधीच वहीच्या समासात लिहिले होते.